छिद्रं आहेत, पण आयन आत शिरतायत का? (बगॅसचा कार्बन आणि निकेल फोमवरची फिल्म)

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडची एमएस्सीची विद्यार्थिनी, प्रोजेक्ट सुपरकॅपॅसिटरचा, म्हणजे झटपट चार्ज साठवणाऱ्या आणि सोडणाऱ्या वस्तूचा. साखर कारखान्यातून बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) आणून कॉस्टिक पोटॅशनं म्हणजे केओएचनं अ‍ॅक्टिव्हेट केला, म्हणजे भट्टीत तापवून त्याच्या कार्बनला छिद्रं पाडली, बीईटी एरिया (वायू शोषून मोजलेलं आतलं क्षेत्रफळ) साधारण १५०० चौरस मीटर प्रति ग्रॅम आला आणि कॅपॅसिटन्स म्हणजे चार्ज साठवायची क्षमता मात्र ६० फॅरॅड प्रति ग्रॅमच. दुसरीकडे निकेल फोमवर युरिया टाकून हायड्रोथर्मलनं (बंद भांड्यात गरम पाण्याच्या दाबाखाली) निकेल हायड्रॉक्साइड वाढवलं, ओली फिल्म थेट १०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये वाळवली, त्याचा आकडा २००० च्या वर जातोय पण थोड्याच सायकलमध्ये फिल्म पापुद्र्यासारखी सुटते. रेसिपी पेपरमधलीच आहे, मग चुकतंय कुठं, आणि दोन्ही मिळून डिव्हाइस करता येईल का?

बघ, रेसिपी बहुतेक बरोबरच असणार. इतक्या वर्षांत आमच्याकडं सांगलीत जी मुलं हे काम करून गेली त्यांचं पाहून माझं मत असं झालंय की पेपरमधलं जे तापमान, तास, मोलॅरिटी असतं त्याच्यावर सगळे जीव टाकतात आणि पेपरमध्ये जे एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणजे ‘धुतलं आणि वाळवलं’, तिथंच सगळा खेळ होतो. द्रावणातून पदार्थ बनवण्याच्या पद्धतीत छिद्रं तयार होणं हे अर्धंच काम आहे, ती उघडी ठेवणं आणि त्यात इलेक्ट्रोलाइट म्हणजे आयन असलेलं द्रावण पोचवणं हे उरलेलं अर्धं, आणि तुझी दोन्ही सॅम्पल या उरलेल्या अर्ध्यात अडकलीयत असं मला वाटतं, फक्त दोघांची कारणं वेगळी.

पण आधी हिशोब बघू, कारण तू सांगितलंच नाहीस की ६० हा आकडा दोन इलेक्ट्रोडच्या सेलमधला की तीन इलेक्ट्रोडचा. हा फरक किरकोळ नाही. दोन सारख्या इलेक्ट्रोडचा सेल म्हणजे दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये, त्यामुळं सेलची कॅपॅसिटन्स एकाच्या निम्मी, आणि वर तू दोन्हीचं वजन मिळून भागलं असशील तर अजून निम्मी, म्हणजे एका इलेक्ट्रोडचा आकडा काढायला चारनं गुणायचं. तसं असेल तर तुझा कार्बन २४० चा आहे आणि तू उगाच रडतीयस. एकाच इलेक्ट्रोडच्या वजनानं भागलं असशील तर दोननं गुण, १२०. आणि तीन इलेक्ट्रोडमध्ये सरळ करंट गुणिले वेळ, भागिले (वजन गुणिले व्होल्टेज) करून ६० आला असेल तर मात्र खरंच कमी आहे. किती कमी ते असं बघ, कार्बनच्या पृष्ठभागावर डबल लेयरची, म्हणजे भिंतीशी जमणाऱ्या आयनच्या थराची, कॅपॅसिटन्स साधारण ५ ते २० मायक्रोफॅरॅड प्रति चौरस सेंटिमीटर धरतात, मधला १० घेतला तर १५०० चौरस मीटरचे १५० फॅरॅड व्हायला पाहिजेत. तुझे ६० म्हणजे ४ मायक्रोफॅरॅड. याचा अर्थ नायट्रोजनला जी जागा सापडली त्यातली बरीचशी पोटॅशियमच्या आयनला सापडतच नाही.

बीईटीचा आकडा हा उणे १९६ डिग्रीला नायट्रोजन वायू कोरड्या, व्हॅक्यूममध्ये तापवून मोकळ्या केलेल्या कार्बनमध्ये किती बसला यावरून काढलेला असतो. तिथं पाणी नाही, पूड धरून ठेवणारा बाइंडर नाही, आयनभोवतीचं पाण्याचं कडं नाही. आणि तुझ्या सेलमध्ये हे सगळं आहे. पाण्याचं कडं धरून पोटॅशियम आयनचा व्यास साधारण ०.६६ नॅनोमीटर भरतो, आणि केओएचनं अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या कार्बनमध्ये खूपशी छिद्रं १ नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखालची असतात. आता लगेच असं समजू नको की बारीक छिद्र म्हणजे वाया, २००६ मध्ये गोगोत्सी आणि सिमॉन यांच्या गटानं दाखवलं होतं की कार्बाइडपासून केलेल्या कार्बनमध्ये १ नॅनोमीटरखालच्या छिद्रात उलट प्रति पृष्ठभाग कॅपॅसिटन्स वाढते, कारण आयन आपलं कडं थोडं विस्कटून आत घुसतात. पण घुसायला वाट पाहिजे ना. २ ते ५० नॅनोमीटरच्या म्हणजे मेसो छिद्रांच्या वाटा नसतील तर आतली सूक्ष्म छिद्रं बिनरस्त्याच्या वाडीसारखी पडून राहतात. म्हणून नुसता एरिया सांगू नको, आयसोथर्मचा, म्हणजे दाबाबरोबर किती नायट्रोजन बसत गेला त्या आलेखाचा, आकार बघ. सुरुवातीलाच सरळ वर चढून आडवा पडला असेल तर सगळा मायक्रोच आहे, मागच्या बाजूला हिस्टेरिसिसचा लूप असेल, म्हणजे वायू भरतानाची आणि निघतानाची रेघ वेगळी असेल, तर मेसो पण आहे.

एक सोपी टेस्ट आहे, पैसे लागत नाहीत. सीव्ही, म्हणजे व्होल्टेज वरखाली फिरवत करंट मोजायची ती टेस्ट, ५ मिलिव्होल्ट प्रति सेकंदला घे आणि १०० ला घे. हळू स्कॅनला आकडा दुपटीनं वाढत असेल तर छिद्रं आहेत पण वाट अरुंद किंवा लांब आहे, आयनला वेळ पुरत नाही. हळू नेऊनसुद्धा ६० च राहिला तर जागा बंदच आहे, आणि बंद असण्याची कारणं बहुतेक धुण्यात सापडतात.

केओएच अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये काय होतं ते एकदा डोक्यात बसव. केओएच कार्बनला खातं, त्यातून हायड्रोजन, पोटॅशियम कार्बोनेट आणि धातूरूप पोटॅशियम तयार होतं, ७०० च्या वर कार्बोनेटही फुटायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड कार्बनला अजून खातो, आणि पोटॅशियमची वाफ, ७५९ डिग्रीला उकळतं ते, कार्बनच्या थरांमध्ये शिरून त्यांना फाकवते. म्हणजे भट्टीतून बाहेर काढलं तेव्हा तुझी छिद्रं मोकळी नसतातच, ती मिठानं भरलेली असतात. छिद्र खऱ्या अर्थानं तयार होतं ते बेसिनपाशी, धुताना. आणि इथं मुलं दोनदा पाणी टाकतात, लिटमस निळा होईना म्हटल्यावर खूश, लावला ओव्हनला. आतलं मीठ लांब वाटेनं डिफ्यूज होऊन बाहेर यायला तास लागतात गं, मिनिटं नाहीत. आधी गरम डीआय म्हणजे आयन काढलेल्या पाण्यानं धुवायचं, मग १ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये काही तास ढवळत ठेवायचं, कार्बोनेट आणि बगॅसच्या राखेतले बाकीचे धातू निघतात, मग परत गरम डीआय पाण्यानं धुवायचं, प्रत्येक वेळी तसंच ढवळत ठेवून, नुसतं फिल्टर पेपरवर ओतून नाही. शेवटच्या धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाक, दुधाळ झालं तर क्लोराइड अजून आहे. सिल्व्हर नायट्रेट महाग पडतं म्हणून गाइड देत नसतील तर घरच्या आरओसाठी मिळतो तो टीडीएस मीटर घे, धुवण्याआधीचं आणि नंतरचं पाणी सारखंच दाखवायला लागलं की झालं. आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे घरच्या गिझरची कॉइल बघून कळतंच, जेवढं मीठ काढशील तेवढा कॅल्शियम आत बसेल.

बगॅसबद्दल दोन गोष्टी ज्या पेपरमध्ये पटकन सापडत नाहीत. कारखान्याच्या यार्डातला बगॅस आणि गुऱ्हाळावरची चिपाडं एक नाहीत, यार्डातल्यात माती भरपूर असते, ती आधी पाण्यात खळखळून काढ. आणि उसात सिलिका असते, ती राखेत येते, केओएचमुळं बरीचशी सिलिकेट होऊन धुतली जाते हे खरं, पण अ‍ॅसिड टाकायच्या आधी पाण्यानं धुतलंस तरच, कारण अल्कलीत विरघळलेल्या सिलिकेटवर डायरेक्ट अ‍ॅसिड ओतलं की सिलिकाचा जेल होऊन तो छिद्रांच्या तोंडाशीच बसतो. म्हणून क्रम असा, आधी गरम पाणी, मग अ‍ॅसिड, मग परत पाणी. कच्च्या बगॅसवर थेट केओएच घालू नको, फेस येतो, बाहेर सांडतं आणि शेवटी चिमूटभरच माल उरतो, आधी ४०० ते ५०० डिग्रीला नायट्रोजनमध्ये कोळसा करून घे. अजून एक, बाटलीतल्या केओएचच्या गोळ्या साधारण ८५ टक्क्यांच्याच असतात, उरलेलं मुख्यतः पाणी, आणि पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर त्याहून पातळ. पेपरमधलं कोळसा आणि केओएचचं १:३ आणि तुझं १:३ एक आहे का बघ. क्रुसिबल निकेलचं वापर, क्वार्ट्झ आणि सिलिकाला केओएच खातं.

आणि हे गमतीत घेऊ नको, नायट्रोजन पूर्ण थंड होईपर्यंत चालू ठेवायचा. ट्यूबच्या थंड टोकाला चंदेरी चकचकीत थर दिसला तर ते पोटॅशियम असू शकतं, त्याला पाणी लावलं की पेट घेतं. हात लावू नको, गाइडला बोलव. मध्येच लाइट गेली म्हणून सिलेंडर वाचवायला कुणी नायट्रोजन बंद करतं, तेही करू नको, गरम कार्बनला हवा लागली तर सकाळी क्रुसिबलमध्ये राखच मिळेल.

धुऊनही आकडा वाढला नाही तर बाइंडर बघ. १० टक्के पीव्हीडीएफ हा बाइंडर एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून तू स्लरी केली असणार, तो पॉलिमर छिद्रांच्या तोंडावर पडदा धरतो. ५ टक्क्यांवर आण, किंवा पीटीएफईचं म्हणजे टेफ्लॉनचं डिस्पर्शन आणून कणीक मळल्यासारखं मळून शीट लाट, तो धाग्यांसारखा धरतो, तोंडं कमी बुजतात. एनएमपी गर्भाला घातक म्हणून ओळखला जातो, हूड आणि हातमोजे पाहिजेतच, आमच्या बऱ्याच लॅबमध्ये उघड्या टेबलावर तो चालतो ते मला पटत नाही. आणि ८०० डिग्रीला तापलेला कार्बन पाण्याला फारसा धरत नाही, इलेक्ट्रोड ६ मोलर केओएचमध्ये बुडवून डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूम दे, बुडबुडे निघताना दिसतील, ते बुडबुडे म्हणजे तुझी रिकामी राहिलेली छिद्रं. रात्रभर भिजू दे आणि मग सीव्ही.

आता निकेल हायड्रॉक्साइड. इथं गोष्ट उलटी आहे. कार्बनची भिंत कडक, वाळवताना ती कोसळत नाही. हायड्रॉक्साइडच्या पातळ पाकळ्या म्हणजे मऊ माल. ओलं छिद्र वाळताना पाण्याचा पृष्ठताण भिंतींना आत ओढतो, आणि त्याचा दाब किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो, दोन गुणिले पृष्ठताण भागिले त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर, छिद्राची त्रिज्या ५ नॅनोमीटर धर, दाब येतो जवळजवळ २९ मेगापास्कल, म्हणजे २८०-२९० वातावरणं. तासगावला रॅकवर द्राक्षाचा बेदाणा होतो तसंच, आतलं पाणी गेलं की साल आत ओढली जाते आणि सुरकुत्या पडतात, फक्त इथं सुरकुतीच्या जागी पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि सगळी फिल्म आकसून फोमपासून सुटते. तू १०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये थेट ओली फिल्म ठेवतेस असं लिहिलंयस, तिथंच अर्धी फिल्म सुटून गेलेली असते, सायकलिंगमध्ये ती फक्त दिसते.

उपाय महाग नाही. इथेनॉलचा पृष्ठताण ०.०२२ च्या आसपास आहे, पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, तेव्हा पाण्यानं धुतल्यावर फिल्म इथेनॉलमध्ये दोन-तीनदा बदलून भिजव म्हणजे आतलं पाणी बाहेर जाईल, मग ५० ते ६० डिग्रीला सावकाश वाळव. दाब तेवढ्याच प्रमाणात उतरतो. याहून चांगलं पाहिजे तर टर्शरी ब्युटेनॉल, ते २५ डिग्रीच्या आसपासच गोठतं, त्यामुळं साध्या फ्रीजमध्ये गोठवून व्हॅक्यूमखाली उडवता येतं, द्रवच नाही म्हटल्यावर ओढणारा पृष्ठभाग पण नाही. सगळ्यात भारी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही अशा अवस्थेतला, ३१ डिग्री आणि साधारण ७४ बारच्या वर, एरोजेलवाले हेच वापरतात आणि या विचाराची सुरुवात किस्लरनं १९३१ मध्येच केली होती, पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला त्याची गरज नाही, इथेनॉलवर काम भागतं.

फिल्म सुटण्याचं दुसरं कारण वाढीतच असतं. युरिया ९० डिग्रीच्या आसपास हळूहळू फुटतो, अमोनिया सुटतो, पीएच सावकाश चढतो, म्हणून हायड्रॉक्साइड फोमवर बसायला वेळ मिळतो. निकेल सॉल्ट जास्त घेतलं किंवा तापमान एकदम वर नेलं की द्रावणातच साका धरतो आणि तो साका फोमवर पडतो. पडलेलं आणि उगवलेलं यात फरक आहे, पडलेलं सुटणारच. आपल्या भागात हे कुणाला नव्यानं सांगायला नको खरं तर, शिवाजी विद्यापीठात लोखंडे सरांच्या गटानं केमिकल बाथ आणि सिलारवर, म्हणजे द्रावणात बुडवून फिल्म चढवायच्या पद्धतींवर, वर्षानुवर्षं काम केलंय, त्या परंपरेतल्या कुणालाही विचार, पहिलं वाक्य हेच सांगतील की बाथ गढूळ व्हायच्या आत सब्स्ट्रेटवर न्यूक्लिएशन झालं पाहिजे, म्हणजे बीज धरलं पाहिजे. सिलारमध्ये तर, १९८५ मध्ये निकोलाऊनं मांडलेली पद्धत ती, धनायन आणि ऋणायन वेगवेगळ्या बीकरमध्ये ठेवून मध्ये धुतातच त्यासाठी. तुला वाटलं तर हायड्रोथर्मलच्या आधी सिलारचे थोडे सायकल देऊन बीजाचा थर घाल, पकड चांगली येते.

फोम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हायड्रोथर्मलच्या त्या बंद डब्यात, आडवा टाकू नको, लायनरच्या म्हणजे आतल्या भांड्याच्या भिंतीला तिरपा टेकव आणि जी बाजू मोजायची ती खाली तोंड करून. आधी ३ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये १० मिनिटं सोनिकेशन, मग पाणी, मग इथेनॉल, आणि लगेच वापर, आठवडाभर ठेवलास तर परत ऑक्साइड. लायनर तीन चतुर्थांशपेक्षा जास्त भरू नको आणि गार व्हायच्या आत उघडू नको, १८० डिग्रीला नुसत्या पाण्याचाच दाब १० बार असतो. निघाल्यावर इथेनॉलमध्ये अर्धा-एक मिनिट सोनिकेट कर, सुटायचं ते आत्ताच सुटू दे, आणि त्यानंतर वजन कर.

वजनावरून, तुझ्या २००० वर माझा विश्वास नाही, राग मानू नको. १ चौरस सेंटिमीटर फोम ३०-५० मिलिग्रॅमचा, त्यावर तुझा माल १ मिलिग्रॅम, चार दशांशांचा काटा ०.१ मिलिग्रॅम इकडंतिकडं दाखवतो, म्हणजे १० टक्के चूक काट्यातच. वर फोमचं निकेल स्वतः हायड्रोथर्मलमध्ये गंजून हायड्रॉक्साइड होतं आणि केओएचमध्ये तेच पीक देतं जे तुझा माल देतो. म्हणून कोरा फोम, निकेल सॉल्ट न टाकता, बाकी सगळं तेच, करून त्याची सीव्ही काढ आणि वजा कर. आणि मुळात ही बॅटरीसारखी वागणारी वस्तू आहे, सीव्हीत दोन ठसठशीत पीक आणि डिस्चार्जमध्ये सपाट पठार असताना फॅरॅड प्रति ग्रॅम सांगायचंच नसतं, कूलोंब किंवा मिलिअँपिअर-अवर प्रति ग्रॅम सांग. एका इलेक्ट्रॉनच्या हिशोबानं निकेल हायड्रॉक्साइडची कमाल २८९ मिलिअँपिअर-अवर, म्हणजे १०४० कूलोंब प्रति ग्रॅम. तुझे २००० गुणिले तुझी व्होल्टेज विंडो करून बघ, ०.५ व्होल्ट असेल तर १००० कूलोंब होतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक निकेल अणू काम करतोय असा दावा झाला. पातळ फिल्मवर अशक्य नाही, पण व्हायव्हाला बाहेरचे सर हेच विचारतील.

डिव्हाइस करता येईल की. हायड्रॉक्साइड पॉझिटिव्ह, बगॅसचा कार्बन निगेटिव्ह, आणि वजनं समान घ्यायची नाहीत, दोन्हीकडचा चार्ज समान पाहिजे. समज कार्बन सुधारून १५० फॅरॅडवर आला आणि १ व्होल्टच्या विंडोत वापरला तर १५० कूलोंब प्रति ग्रॅम, हायड्रॉक्साइड कोरा फोम वजा करून ४५० भरलं, तर कार्बन तिप्पट घ्यावा लागेल, १ मिलिग्रॅमला ३. व्होल्टेज १.५ ते १.६ पर्यंत चढवता येतं, पण ०.१ च्या पायऱ्यांनी चढव आणि सीव्हीच्या उजव्या टोकाला शेपूट वर उठायला लागली की तिथून एक पायरी खाली ये, तो ऑक्सिजन सुटतोय. आणि निकेलचं धुवणाचं पाणी बेसिनमध्ये सोडू नको, कॅनमध्ये साठव, कॉस्टिकनं पीएच १० च्या आसपास नेलं की हिरवा साका खाली बसतो, तो गाळून डबा भरला की कॉलेजच्या केमिकल कचऱ्यात दे.